डोळ्यांसाठी मॉनिटर निवडताना: लेबलं बाजूला ठेवा, हे तपासा

तुम्ही जे लिहिलंय ते थोडक्यात असं: वय ४३, चष्मा प्रोग्रेसिव्ह, दिवसाचे आठ-नऊ तास एक्सेल, ईमेल आणि अधूनमधून कोडिंग. सध्याचा मॉनिटर २७ इंची फुल एचडी. संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरतात, कपाळ जड होतं, रात्री खोलीतला दिवा बंद करून काम केलं की आणखीच त्रास होतो. आता ‘आय केअर’, ‘लो ब्लू लाइट’ असं लिहिलेला मॉनिटर घ्यावा का, ३२ इंची घ्यावा का, आणि कर्व्ह्ड बरा की ओएलईडी, असे तुमचे प्रश्न आहेत.

आधीच सांगतो, मी डोळ्यांचा डॉक्टर नाही. ऑफिसांसाठी मॉनिटर निवडून देणं, ते बसवणं आणि छपाई-फोटोचं काम करणाऱ्यांच्या स्क्रीन कॅलिब्रेट करणं हा माझा धंदा. त्यामुळे डोळे दुखतात म्हणून मॉनिटर बदलणारी माणसं मला सतत भेटतात. त्यांतल्या बऱ्याच जणांचा त्रास नवा मॉनिटर आल्यावरही तसाच राहतो. मॉनिटर वाईट निघतो म्हणून नव्हे, तर त्रासाचं मूळ दुसरीकडेच असतं म्हणून.

म्हणून ‘कोणता मॉनिटर’ याच्या आधी ‘डोळे नेमके कसे थकतात’ हे बघू. चुरचुरणं, कोरडं वाटणं, डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं होणं हा एक प्रकार. कपाळ किंवा भुवया जड होणं, अक्षरं मधूनच अंधुक दिसणं, मान पुढे काढून बसावं लागणं हा दुसरा. आणि डोळे दिपणं, बारीक करून बघावं लागणं हा तिसरा. तुमच्या वर्णनात तिन्ही आहेत, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

चुरचुरीवर मॉनिटर विकत घेऊन जवळजवळ काहीच होत नाही. गप्पा मारताना माणूस मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनकडे टक लावली की हा आकडा निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतो, आणि डोळ्यावरचा ओलावा वाळत जातो. यात स्क्रीन उंच असेल तर भर पडते. वर बघायला डोळे जास्त उघडावे लागतात आणि उघडा भाग वाढतो. एसीचा किंवा पंख्याचा झोत थेट चेहऱ्यावर येत असेल तर विचारूच नका. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली हवी, म्हणजे नजर सहज खाली झुकलेली राहते. अनेक टेबलांवर मी पहिलं काम करतो ते मॉनिटरखालची पुस्तकांची चवड काढून टाकण्याचं.

तुमच्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे प्रोग्रेसिव्ह चष्मा. या चष्म्यात जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो. स्क्रीन उंच असली की तिच्यावरचं वाचायला तुम्ही हनुवटी वर करून खालच्या काचेतून बघता आणि दिवसाअखेर मान धरते. शिवाय वाचनाचा नंबर साधारण ४० सेंमी अंतर धरून काढतात, तर मॉनिटर असतो ६० ते ७० सेंमीवर. नंबरात बोलायचं तर ४० सेंमी आणि ६५ सेंमी यांच्यात जवळपास १ डायॉप्टरचा फरक पडतो. म्हणजे वरची दूरची काच स्क्रीनला अपुरी पडते आणि खालची जास्त होते. मधला पट्टा बरोबर असतो, पण तो अरुंद असतो. २७ इंची स्क्रीन एका नजरेत त्यात मावत नाही. कपाळ जड होण्यामागे हे कारण असायची दाट शक्यता आहे. आज काम करताना डोळ्यांपासून स्क्रीनपर्यंतचं अंतर टेपने मोजा, तो आकडा चष्मा करणाऱ्याला सांगा आणि फक्त कॉम्प्युटरसाठी वेगळा चष्मा लागेल का ते विचारा. मॉनिटरच्या व्यवसायातला माणूस आधी चष्म्याकडे पाठवतोय हे विचित्र वाटेल, पण चाळिशी ओलांडलेल्यांना मी हेच सांगतो.

आता मॉनिटरकडे येऊ. माझ्या मते आरामाचा सगळ्यात मोठा भाग दोन गोष्टींत असतो: तुमच्या अंतरावरून अक्षर किती रेखीव दिसतं, आणि स्क्रीनचा उजेड खोलीतल्या उजेडाशी किती जुळतो. बाकीचं सगळं यांच्यानंतर.

रेखीवपणाचं गणित सोपं आहे. चांगल्या नजरेला साधारण १ मिनिट कोनाएवढा बारकावा वेगळा ओळखता येतो. ६० सेंमीवर हा कोन म्हणजे सुमारे ०.१७ मिमी. तुमच्या २७ इंची फुल एचडीचा एक पिक्सेल ०.३१ मिमीचा आहे, जवळपास पावणेदोनपट. म्हणजे अक्षराच्या तिरप्या-गोल कडा तुमच्या डोळ्याला पायऱ्यांसारख्या दिसू शकतात, आणि देवनागरीसारख्या गुंतागुंतीच्या लिपीत तर जोडाक्षरं त्या पायऱ्यांमध्ये बुजून जातात. त्याच आकारात २५६० बाय १४४०, म्हणजे क्यूएचडी घेतला तर पिक्सेल ०.२३ मिमीवर येतो. ४के, म्हणजे ३८४० बाय २१६० घेतला तर ०.१५५ वर, म्हणजे डोळ्याच्या मर्यादेच्याही खाली. हा फरक नुसता कागदावरचा नाही. दोन मॉनिटर शेजारी ठेवून एकच एक्सेल शीट उघडली की कुणालाही दिसतो.

इथे ३२ इंचीचा सापळा लक्षात घ्या. ३२ इंची मॉनिटर क्यूएचडीचा असेल तर त्याची घनता इंचाला ९३ पिक्सेलच्या आसपास येते. २४ इंची फुल एचडीची ९२ असते. तुमच्या सध्याच्या ८२ पेक्षा ती थोडी बरी, पण जास्त पैसे मोजून एवढाच फायदा पदरात पडणार असेल तर कशाला? ३२ इंची घ्यायचाच तर ४के घ्या. आणि तेव्हाही टेबलाची खोली बघा. ३२ इंची स्क्रीन ७० सेंमी रुंद असते. ती ६० सेंमीवर ठेवली तर दोन्ही कडांकडे बघायला मान वळवावी लागते, आणि तुमच्या चष्म्याला ते अजिबात मानवणार नाही. टेबल एवढं खोल असेल की स्क्रीन ७५-८० सेंमी लांब ठेवता येईल, तरच ३२ चा विचार करा.

४के घेऊन लोक हमखास एक चूक करतात. जास्त मजकूर मावावा म्हणून स्केलिंग, म्हणजे अक्षरं किती मोठी दाखवायची ते सेटिंग, १०० टक्क्यांवर ठेवतात. अक्षरं मुंगीएवढी होतात आणि माणूस स्क्रीनवर ओणवा होतो. ४के घ्यायचा तो अक्षर बारीक करण्यासाठी नव्हे, रेखीव करण्यासाठी. २७ इंचीवर १५० टक्के स्केलिंग ठेवलं की क्यूएचडीएवढीच जागा मिळते, पण प्रत्येक अक्षराला सव्वादोनपट पिक्सेल येतात. आकार पुरेसा आहे का हे बघायची माझी रीत अशी: खुर्ची मागे ढकलून नेहमीच्या दुप्पट अंतरावर जा. तिथूनही शीटमधले आकडे जेमतेम वाचता आले पाहिजेत. नाही आले तर अक्षर मोठं करा, मॉनिटर कुठलाही असो.

तुम्ही विंडोज वापरता की मॅक हे लिहिलेलं नाही, आणि याने थोडा फरक पडतो. विंडोज अक्षराच्या कडा गुळगुळीत करायला उपपिक्सेलांचा, म्हणजे प्रत्येक पिक्सेलमधल्या लाल-हिरव्या-निळ्या भागांचा, वापर करतं, त्यामुळे कमी घनतेच्या स्क्रीनवरही ते तग धरतं. ॲपलने ही पद्धत २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून मूळ सेटिंगमधून काढून टाकली. त्यामुळे मॅक जोडला की क्यूएचडी मॉनिटरवरची अक्षरं विंडोजपेक्षा मऊ, किंचित फुगीर दिसतात. मॅक असेल तर २७ इंचीत ४के किंवा त्याहून जास्तच घ्या.

आता उजेड. तुमच्या तिसऱ्या तक्रारीचं उत्तर इथे आहे, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. चांगला उजेड असलेल्या ऑफिसात टेबलावर साधारण ५०० लक्स (पडणाऱ्या प्रकाशाचं माप) प्रकाश पडतो. त्या प्रकाशात पांढऱ्या कागदाची चमक सुमारे १२५ निट्स (चमकेचं माप) भरते. ३०० लक्सच्या खोलीत तोच कागद ७५-८० निट्सचा असतो. आणि मॉनिटर? नवे मॉनिटर २५० ते ३५० निट्सपर्यंत जातात आणि कारखान्यातून बऱ्याचदा त्याच्या जवळपासच लावून येतात, कारण दुकानात शेजारच्यापेक्षा उठून दिसावं लागतं. म्हणजे कागदाच्या दुप्पट-चौपट चमकणाऱ्या पांढऱ्या शीटकडे तुम्ही आठ तास बघता. रात्री दिवा घालवल्यावर तर गाडीचे तेच दिवे भर दुपारी जाणवत नाहीत आणि अंधाऱ्या रस्त्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकवतात, तसला प्रकार होतो.

उपाय असा: कोरा पांढरा कागद मॉनिटरच्या शेजारी उभा धरा, स्क्रीनवर रिकामी पांढरी फाइल उघडा आणि दोन्ही सारखे उजळ दिसेपर्यंत मॉनिटरचा ब्राइटनेस कमी करा. बहुतेकांचा आकडा कुठेतरी २० ते ४० टक्क्यांच्या मध्ये येतो. पहिले दोन दिवस स्क्रीन मळकट वाटेल, नंतर जुनं सेटिंग डोळ्यांत घुसेल. रात्री खोली काळोखी ठेवू नका. मॉनिटरच्या मागे भिंतीवर उजेड टाकणारा मंद दिवा लावा. दिवसा खिडकी पाठीमागेही नको आणि समोरही नको, बाजूला असावी.

यातून खरेदीचा एक निकष निघतो, जो जाहिरातीत कधीच नसतो: मॉनिटर कमीत कमी किती मंद होतो? जास्तीत जास्त निट्स सगळे छापतात, कमीत कमी कुणी छापत नाही. काही मॉनिटर शून्यावर आणले तरी ८०-९० निट्सच्या खाली उतरत नाहीत, आणि रात्री काम करणाऱ्याला ते नकोसे होतात. मोजमाप घेऊन लिहिलेल्या परीक्षणांत हा आकडा असतो. ५० च्या खाली हवा, ३०-४० असेल तर उत्तम. दुसरं म्हणजे ब्राइटनेस बदलणं सोपं हवं. बदलायला मेन्यूत चार पायऱ्या उतराव्या लागत असतील तर माणूस ते कधीच करत नाही. मागे छोटी जॉयस्टिक असलेले मॉडेल यासाठी मला आवडतात. डीडीसी नावाच्या सोयीने कॉम्प्युटरवरूनही बहुतेक मॉनिटरचा ब्राइटनेस बदलता येतो, त्यासाठी लहान मोफत प्रोग्रॅम मिळतात.

फ्लिकर, म्हणजे स्क्रीनची उघडझाप, याबद्दल लोक घाबरून विचारतात. काही मॉनिटर मंद होण्यासाठी बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागचा दिवा, खरोखर मंद करत नाहीत, तर सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. ती उघडझाप थेट दिसत नाही, पण काहींना त्याने डोकं दुखतं, काहींना काहीच होत नाही. हल्ली टेबलावरच्या बहुतेक एलसीडी मॉनिटरमध्ये ही पद्धत नसते, त्यामुळे ‘फ्लिकर-फ्री’ हे लेबल असण्यापेक्षा ते नसणं जास्त बोलकं आहे. घरी तपासायचं तर खोली अंधारी करा, स्क्रीन पांढरी आणि ब्राइटनेस कमी ठेवा, आणि स्क्रीनसमोर पेन्सिल पंख्यासारखी झपाझप हलवा. सलग धूसर पट्टा दिसला तर ठीक. वेगवेगळ्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर उघडझाप आहे. गेमिंगच्या मॉनिटरमध्ये एक गोम असते: ‘१ मिलिसेकंद एमपीआरटी’ किंवा ‘मोशन ब्लर रिडक्शन’ नावाचा पर्याय चालू केला की बॅकलाइट मुद्दाम उघडझाप करायला लागतो. खोक्यावर फ्लिकर-फ्री लिहिलेलं असलं तरी. तो बंद ठेवा.

निळ्या प्रकाशावर मी फार वेळ घालवत नाही. दिवसाच्या बाहेरच्या उजेडापुढे स्क्रीनमधून येणारा निळा प्रकाश अगदी किरकोळ असतो. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांवरचे प्रयोग एकत्र तपासणारा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेचा आढावा २०२३ साली आला. नजीकच्या काळात डोळ्यांचा थकवा त्यांनी कमी होतो असं त्यात दिसलं नाही. मग ‘रीडिंग मोड’ लावल्यावर बरं का वाटतं? कारण तो मोड पिवळेपणाबरोबर बहुतेक वेळा ब्राइटनेसही खाली आणतो. पिवळेपणा न आणता नुसता ब्राइटनेस तेवढा कमी करून बघा. संध्याकाळी ऊबदार रंग आवडत असेल तर जरूर वापरा, विंडोजमध्ये आणि मॅकमध्ये ती सोय फुकट आहे. त्यासाठी वेगळा मॉनिटर घ्यायची गरज नाही.

पॅनल, म्हणजे स्क्रीनचा प्रकार, कोणतं? एलसीडीत आयपीएस, व्हीए आणि टीएन असे तीन प्रकार मिळतात. तुमच्या कामाला आयपीएस. बाजूने बघितलं तरी रंग आणि उजेड फारसा बदलत नाही, म्हणून शीटचे कोपरे मध्यभागासारखेच दिसतात. व्हीएमध्ये काळा रंग जास्त गडद, कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्याच्या उजेडाचं प्रमाण) ३०००:१ च्या घरात, आयपीएसमध्ये साधारण १०००:१. पण पांढऱ्या पानावर काळी अक्षरं वाचायला हजारसुद्धा पुरून उरतो. व्हीएच्या कडांकडे जरा तिरकं बघावं लागलं की करडे रंग फिके पडतात. टीएन आता विचारात घेऊच नका.

ओएलईडी, म्हणजे ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो तो, सिनेमासाठी आणि गेमसाठी देखणा असतो. तुमच्या कामाला मी देणार नाही. अनेक ओएलईडी मॉनिटरमध्ये उपपिक्सेलांची मांडणी नेहमीच्या उभ्या पट्ट्यांसारखी नसते, कुठे त्रिकोणी, कुठे चौथा पांढरा उपपिक्सेल. त्यामुळे अक्षरांच्या कडांना रंगीत झालर येते. घनता जास्त असेल तर ती झालर कमी जाणवते. पण एक्सेलच्या रेघा आणि खालची टास्कबार रोज आठ तास एकाच जागी उभी राहणार, त्याचा ठसा उमटण्याचा धोका वेगळाच.

कर्व्ह्डचं उत्तर आकारावर आहे. ३४ इंची अल्ट्रावाइडमध्ये वळण उपयोगी पडतं, कारण कडांचं डोळ्यांपासूनचं अंतर मधल्या भागाच्या अंतराच्या जवळ येतं. २७ इंचीत त्याने तुमच्या डोळ्यांना काहीही फरक पडत नाही, उलट सरळ रेघांच्या कामात काहींना ते खटकतं. रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो आकडा, ६० ऐवजी १०० किंवा १२० हर्ट्झ असेल तर लांबलचक शीट वर-खाली करताना मजकूर कमी धूसर होतो. मिळत असेल तर घ्या, पण त्यासाठी रिझोल्यूशन कमी करू नका. पृष्ठभाग मॅट हवा. मात्र फार खरखरीत मॅट असेल तर पांढऱ्या पानावर बारीक चमचम दिसते. ती प्रत्यक्ष बघितल्याशिवाय कळत नाही.

स्टँडवर मात्र पैसे खर्च करा. स्वस्त मॉनिटर फक्त मागे-पुढे कलतात, खाली-वर होत नाहीत. तुम्हाला तर स्क्रीन नेहमीपेक्षाही खाली लागणार आहे, म्हणून उंची बदलणारा स्टँड हवाच, आणि तो कितपत खाली येतो ते बघा. मागे १०० बाय १०० मिमीची वेसा (ठरलेल्या मापाची) छिद्रं असतील तर पुढे आर्म, म्हणजे मॉनिटर धरणारा हलता हात, बसवता येतो.

मॉनिटर आला की काही गोष्टी लगेच बघा. ४के असेल तर डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट वाचा. जुन्या एचडीएमआय १.४ च्या पोर्टवर ४के फक्त ३० हर्ट्झला चालतं, काही डॉकही (लॅपटॉपला जादा पोर्ट देणारे डबे) एवढंच देतात, आणि मग माऊससुद्धा अडखळत चालतो. रंगीत अक्षरं पुसट दिसत असतील, विशेषतः काळ्यावर लाल, तर रंगाची माहिती कमी करून पाठवली जात असते. केबल किंवा पोर्ट बदलला की ते बहुधा सुटतं. एचडीआर आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट ही चित्राचा उजेड बदलणारी सेटिंगं बंद ठेवा. शार्पनेस मूळ आकड्यावर राहू द्या. तो वाढवला की अक्षरांभोवती पांढरी कड येते.

डार्क मोडबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच येतो. काळ्या पार्श्वभूमीवर बाहुली मोठी होते, आणि सिलिंड्रिकल नंबर असलेल्यांना पांढरी अक्षरं पसरल्यासारखी दिसतात. उजेड असलेल्या खोलीत पांढऱ्यावर काळं आणि ब्राइटनेस कमी, हेच माझं मत. कोडिंगला डार्क आवडत असेल तर माझी हरकत नाही.

तर तुमच्यासाठी माझा क्रम असा राहील. आठवडाभर मॉनिटर खाली, ब्राइटनेस कागदाएवढा, रात्री मागे दिवा, आणि चष्म्याची तपासणी. एवढ्याने चुरचुर आणि दिपणं बरंच कमी व्हायला हवं. पण अक्षरांचा बोथटपणा यातल्या कशानेच जाणार नाही, त्यासाठी तुमचा सध्याचा मॉनिटर बदलायलाच हवा: २७ इंची, ४के, आयपीएस, मॅट, उंची बदलणारा स्टँड. बजेट ताणलं जात असेल आणि विंडोज असेल तर २७ इंची क्यूएचडीही चालेल. परत करण्याची मुदत असलेल्या ठिकाणाहूनच घ्या आणि त्या मुदतीत पूर्ण कामाचे दिवस त्याच्यासमोर काढा, कारण दुकानातली पाच मिनिटं आणि संध्याकाळी सहाचे डोळे यांचा एकमेकांशी संबंध नसतो. टेबलाची खोली किती आहे आणि लॅपटॉपला कुठले पोर्ट आहेत ते कळवलंत तर केबलपर्यंतचं नेमकं सांगता येईल.